अवधाण कां येतें?

आवणीच्या दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या बाजूस अनवाणी पायांत कांटा मोडतो, जखम चिघळते, आणि दोन-तीन दिवसांनीं जांघेंत गोळा येतो. यास अवधाण म्हणतात. दुखणें तळव्याचें, मग गांठ जांघेंत कां? वर्गांत हा प्रश्न निघाला असतां आम्हीं दिलेलें उत्तर घाईचें होतें. तें येथें पुरें करतों.

आपल्या शरीरांत सुमारें ६०० लसीकाग्रंथि आहेत. जांघ, कांख व मान या ठिकाणीं त्यांची दाटी असते. कांट्याबरोबर जंतु शिरले म्हणजे त्वचेंतील फांद्याफांद्यांची एक पेशी त्यांचे अंश गिळते, लसीकावाहिनीच्या वाटेनें जांघेंतील ग्रंथींत जाते, आणि ते अंश आपल्या अंगावर मांडून उभी राहते. या पेशीचा शोध स्टाइनमन व कोन यांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केला.

इकडे लसीकापेशी रक्तांतून ग्रंथींत व ग्रंथींतून पुन्हां रक्तांत अखंड फिरत असतात. पण प्रत्येकीस ओळखतां येते ती एकच खूण. नेमक्या त्या जंतूस ओळखणारी पेशी लाखांत एखादी. ती साऱ्या देहभर त्यास धुंडीत बसती, तर पायाची धडगत नव्हती! पाड्यापाड्यांवर विखुरलेलीं माणसें आठवड्याच्या बाजारीं हमखास भेटतात, तशी ही भेट ग्रंथींत घडते. खूण पटतांच लसीकापेशी त्या फांद्यांच्या पेशीस चिकटते, जागी होते, आणि पुढें दिवसांतून दोन-चार वेळां दुभंगून आपल्यासारख्या सहस्रावधि पेशी निर्माण करते. त्यांतील कांहीं जखमेकडे धांवतात; कांहीं तेथेंच राहून दुसऱ्या जातीच्या लसीकापेशींस प्रतिपिंडें बनविण्यास साह्य करतात. या काळांत बाहेर जाणाऱ्या पेशींची वाटही कांहीं वेळ रोखली जाते. गर्दी दाटते व ग्रंथि फुगते. म्हणून गांठ चोळीत बसूं नये. पाय स्वच्छ धुवावा व जखम दवाखान्यांत दाखवावी.

प्रत्येक गांठ मात्र इतकी निरुपद्रवी नसते. मानेंतील गांठ आठवडेच्या आठवडे राहिली, तर ती क्षयाची असूं शकते. गंडमाळा म्हणून झाडपाल्यांत दिवस दवडणें बरें नव्हे. १८९६ सालीं मुंबईंत आलेल्या प्लेगास लोक गांठीचा ताप म्हणत, कारण तो जंतु ग्रंथींतच बिऱ्हाड करून वाढतो. येथें बाजारच लुटला जातो. वाल्डेमार हाफकीन यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोंचून घेतली. मेलेला जंतु वाढत नाहीं, परंतु त्याच्या खुणा शिल्लक असतात, आणि ग्रंथींतील भेटीस तेवढ्या पुरतात. दंडावर लस टोंचल्यावर कित्येकांच्या कांखेंत दोन दिवस ठणका लागतो, तो याच भेटीचा.