उरलेल्या फायली आणि अभिलेखागाराचा सर्व्हर

जुने दस्तऐवज स्कॅन करून कायमचे जपायचे ठरवले की संस्था जागेचा हिशेब साठ्यापुरता करतात. शंभर जीबीचा संग्रह आहे, तर शंभर जीबीची डिस्क आणि वर थोडी मोकळीक. सर्व्हर अडतो मात्र साठ्यासाठी नव्हे, तर काम चालू असताना लागणाऱ्या जागेसाठी. अभिलेख जपणारी सॉफ्टवेअर प्रणाली एकाच संग्रहाच्या वाटेत कित्येक प्रती करते, त्यातल्या काही नंतर पुसते आणि काही तशाच राहून जातात. या राहून गेलेल्या फायली नेमक्या कुठून येतात हे कळल्याशिवाय त्यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण बाकीच्या सर्व्हरवर चालणारी साफसफाईची पद्धत इथे अभिलेखच पुसून टाकू शकते.

उदाहरण म्हणून आर्काइव्हमॅटिका घेऊ. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आर्टिफॅक्चुअल सिस्टिम्स या कंपनीने ही मुक्त प्रणाली विकसित केली आणि जगभरची विद्यापीठे, ग्रंथालये, अभिलेखागारे ती वापरतात. आयएसओ 14721 या प्रमाणकात सांगितलेली दीर्घकालीन जतनाची चौकट तिच्यामागे आहे. एका बाजूने स्कॅन, ईमेल, ध्वनिफिती, चित्रफिती आत जातात. दुसऱ्या बाजूने एक मोहोरबंद जतन-पॅकेज बाहेर येते: मूळ फायली, त्यांच्या जतन-प्रती, प्रत्येकीचा चेकसम आणि काय काय केले याची एक्सएमएल नोंद.

या दोन टोकांमध्ये काय घडते ते पाहू. संग्रह निवडला की प्रणाली मूळ जागेवरून त्याची प्रत आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये आणते. म्हणजे सुरुवातीलाच जागा दुप्पट. मग प्रत्येक फाइलला ओळख क्रमांक मिळतो, क्लॅमएव्हीकडून विषाणूतपासणी होते, फाइलचा प्रकार ओळखला जातो. आत झिप फायली असतील तर त्या उलगडल्या जातात आणि उलगडलेल्या फायलींशेजारी मूळ झिपही ठेवायची की नाही हे सेटिंगवर ठरते. त्यानंतर येते सर्वांत जागाखाऊ पायरी, जतनयोग्य स्वरूपात रूपांतर. चोवीस मेगापिक्सेलच्या छायाचित्राची जेपेग फाइल काही एमबींची असते; तिचीच संकोचन न केलेली टिफ प्रत सुमारे 72 एमबी होते, कारण प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात. शेवटी सेव्हन-झिप सगळ्याचे एक पॅकेज करते आणि ते पूर्ण होईपर्यंत सुटी फोल्डर आणि बांधले जाणारे पॅकेज अशा दोन्ही गोष्टी डिस्कवर असतात. पॅकेज साठ्यात जाण्याआधी साठा सांभाळणाऱ्या सेवेच्या स्वतःच्या कामाच्या जागेतही थांबते. म्हणून संग्रहाच्या दुप्पट-तिप्पट मोकळी जागा हाताशी असली तरच काम सुरू करावे, आणि छायाचित्रांचा संग्रह असेल तर त्याहूनही जास्त.

सगळे सुरळीत पार पडले की प्रणाली आपले फोल्डर आपणच आवरते. उरते ते अर्धवट राहिलेल्या कामाचे. पायरी फसली की तो संग्रह ‘फेल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जातो, माणसाने नाकारला तर ‘रिजेक्टेड’मध्ये. दोन्हीकडे तो पूर्ण आकारात पडून राहतो. आणखी एक प्रकार सहज नजरेतून सुटतो: काही पायऱ्यांवर प्रणाली माणसाच्या निर्णयासाठी थांबते. निर्णय देणारी व्यक्ती रजेवर गेली, बदलून गेली, की तो संग्रह महिनोन्महिने तसाच थांबलेला राहतो. तो कचरा नाही, चालू काम आहे. बाहेरून मात्र तो अगदी कचऱ्यासारखाच दिसतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. पडद्यावरच्या यादीतून एखादी ओळ काढून टाकली की ती नजरेआड होते आणि काम संपले असे वाटते. डिस्कवरच्या फायली तिथेच असतात. कोणता फोल्डर किती जागा खातो हे प्रशासनाच्या विभागातील ‘प्रोसेसिंग स्टोरेज युसेज’ या पानावर दिसते. तिथून काही फोल्डर रिकामेही करता येतात. आठवड्यातून एकदा हे पान उघडण्याची सवय लावली तर पुढचे बरेच प्रसंग टळतात.

प्रणालीच्या स्वतःच्या फोल्डरांपलीकडे तिने कामाला लावलेली साधनेही आपापला पसारा मांडतात. चित्रांचे रूपांतर करणाऱ्या इमेजमॅजिकचे पाहा. ए-शून्य आकाराचा नकाशा 600 डीपीआयवर स्कॅन केला तर जवळपास 56 कोटी पिक्सेल होतात. चित्र उघडताना हे साधन प्रत्येक पिक्सेलला कमीत कमी आठ बाइट देते असे धरले, तरी एका नकाशाला साडेचार जीबी मेमरी हवी. ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की ते चित्र डिस्कवर तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवते. काम नीट संपले की फाइल जाते. प्रक्रिया मध्येच मारली गेली तर ‘मॅजिक’ने सुरू होणाऱ्या नावाची ती अवजड फाइल टीएमपी फोल्डरमध्ये राहते. क्लॅमएव्ही झिपच्या आत डोकावण्यासाठी फायली उलगडते, तिथेही हेच. साठ्यातले संकोचन केलेले पॅकेज अजून शाबूत आहे का हे तपासतानाही ते पूर्ण उलगडावे लागते आणि नेमकी तेव्हाच सेवा पुन्हा सुरू केली तर उलगडलेली आख्खी प्रत मागे उरते.

आता साफसफाईकडे. लिनक्स सर्व्हरवर सर्वांत रुळलेली युक्ती म्हणजे रोज रात्री फाइंड आज्ञा चालवून ‘शेवटचा बदल सात दिवसांपूर्वीचा’ असलेल्या फायली पुसणे. वेब सर्व्हरवर हे चालून जाते. अभिलेखागाराच्या सर्व्हरवर ते घातक आहे, आणि त्याची कारणे दोन.

पहिले कारण तारखांचे. झिप उलगडताना किंवा आर-सिंकने तारखा राखून प्रत करताना फाइलची जुनी बदल-तारीख तशीच ठेवली जाते आणि अभिलेखांच्या बाबतीत ती ठेवायलाच हवी, कारण ती पुराव्याचा भाग असते. परिणाम असा की आज दुपारी कामाच्या फोल्डरमध्ये आलेल्या पत्राची बदल-तारीख 1998 मधली असते. रात्री फाइंड येते, पंचवीस वर्षांहून जुनी फाइल दिसते, पुसते. अभिलेखागारात तर सगळ्याच फायली जुन्या! वयावरूनच छाटायचे असेल तर स्थिती-बदलाची वेळ पाहावी, ज्याला लिनक्समध्ये सी-टाइम म्हणतात. फाइल या डिस्कवर आली तेव्हा ती वेळ नव्याने पडते आणि कोणतेही साधन तिला साध्या आज्ञेने मागे नेऊ शकत नाही. सिस्टिमडीमधली तात्पुरत्या फायली आवरणारी सोय या बाबतीत शहाणी आहे: वाचनाची, बदलाची आणि स्थितीची अशा तिन्ही वेळा जुन्या असतील तरच ती फाइल काढते. तिची नेहमीची मुदत टीएमपीला दहा दिवस, व्हार-टीएमपीला तीस दिवस.

दुसरे कारण जागेचे. आर्काइव्हमॅटिकाच्या मूळ मांडणीत कामाचे फोल्डर, फसलेल्या संग्रहांचे फोल्डर आणि तयार जतन-पॅकेजचा साठा हे सगळे एकाच ‘शेअर्ड डिरेक्टरी’च्या पोटात असते. अजून मांडणी न केलेल्या संग्रहांची रांगही तिथेच. साठा दुसऱ्या डिस्कवर नेला नसेल आणि कुणी त्या वरच्या फोल्डरवरून जुन्या फायली झाडल्या, तर त्यात आधी जातील ती सर्वांत जुनी पॅकेजे, म्हणजे जी जपण्यासाठी हा सर्व्हर उभा केला तीच. म्हणून माझ्या मते सफाईची पहिली पायरी पुसण्याची नाहीच. साठा वेगळ्या विभाजनावर न्या, सफाईची आज्ञा चालवणाऱ्या खात्याला तिथे लिहिण्याचा अधिकारच देऊ नका.

सगळे एकाच डिस्कवर ठेवले तर आणखी एक अडचण येते. आर्काइव्हमॅटिका शोधासाठी इलॅस्टिकसर्च वापरते. डिस्क 95 टक्के भरली की इलॅस्टिकसर्च त्या डिस्कवरच्या अनुक्रमणिकांमध्ये लिहिणे थांबवते. मग एखादा निर्दोष संग्रह अनुक्रमणिकेच्या पायरीवर फसतो, ‘फेल्ड’मध्ये जातो, तिथे आणखी जागा अडवतो, आणि पुढचाही फसतो. नोंदीत दिसतो तो शोधयंत्राचा दोष. कारण असते टीएमपीमधली नकाशाची फाइल. सूचना ऐंशी टक्क्यांवरच मिळेल असे लावून ठेवावे.

कधी कधी फायली पुसूनही जागा सुटत नाही. डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी डीएफ आज्ञा सांगते डिस्क भरलेली आहे, फायलींचे आकार मोजणाऱ्या डीयूची बेरीज मात्र निम्मीच येते. लिनक्समध्ये फाइलचे नाव पुसले तरी एखाद्या चालू प्रक्रियेने ती उघडी ठेवली असेल तर जागा सुटत नाही. एलएसओएफ या आज्ञेला ‘प्लस एल वन’ हा पर्याय दिला की अशा नाव पुसलेल्या पण उघड्या फायली आणि त्या धरून बसलेली प्रक्रिया समोर येते. ती सेवा, चालू काम संपल्यावर, पुन्हा सुरू केली की जागा मोकळी होते.

मग पुसायचे कसे ठरवावे? वय पाहून नव्हे, पूर्ततेचा पुरावा पाहून. उरलेल्या संग्रहाच्या फोल्डरच्या नावात सहसा त्या संग्रहाचा ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक प्रणालीत शोधावा. त्या संग्रहाचे पॅकेज साठ्यात पोहोचले आहे का, त्याची चेकसम तपासणी उत्तीर्ण झाली आहे का, दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे का, हे पाहावे. तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर उरलेली प्रत पुसायला हरकत नाही. पॅकेज झालेच नसेल तर मूळ सामग्री अजून आपल्याकडे आहे का हे विचारावे. देणगीदाराची हार्ड डिस्क परत गेलेली असेल तर ‘फेल्ड’मधली ती प्रत हीच संस्थेकडची एकमेव प्रत असू शकते. अशा वेळी ती पुसण्याचा अधिकार संगणक सांभाळणाऱ्याला नसावा. तो निर्णय अभिलेखपालाचा. चालू कामावर लक्ष ठेवणारे ‘वॉच्ड डिरेक्टरीज’ हे फोल्डर मात्र हाताने कधीच हलवू नये, कारण त्यात फोल्डर येणे हीच पुढच्या पायरीची खूण असते.

उलट, पुसायलाच हवे अशीही एक बाब आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. संग्रहातले एखादे वैद्यकीय कागदपत्र किंवा खासगी पत्र वाचकांसाठी बंद ठेवायचे ठरले तरी त्याची उलगडलेली प्रत टीएमपीमध्ये उघडी पडलेली असू शकते, आणि रात्रीचा बॅकअप ती इमानेइतबारे उचलून नेतो. तात्पुरती फोल्डर बॅकअपमधून वगळावीत, त्यांचे वाचनाधिकार सेवेच्या खात्यापुरते ठेवावेत, आणि जे पुसले त्याची तारीख, ओळख क्रमांक व कारण त्या संग्रहाच्या दाखल-नोंदीत लिहावे. पुढे देणगीदाराने आपल्या सामग्रीच्या किती प्रती झाल्या आणि त्या कुठे गेल्या असे विचारले, तर संस्थेला याच नोंदीवरून उत्तर देता येते.