गीझरची युनिटं आणि कार्डाचं व्याज

कल्याणच्या पुढचं स्टेशन विठ्ठलवाडी. इथल्या घरांना उबेची गरज नाही, पण थंडीत सकाळी गीझर हवाच. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.6 युनिट वीज लागते; 45 अंशांवर थांबलं तर 0.35. आंघोळीला तेवढं पुरे. महावितरणच्या बिलात 100, 300 आणि 500 युनिटांचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं.

पण नवरा-बायको गीझरवरून वाद घालत असताना मोठी गळती भलतीकडेच असते.

समजा, क्रेडिट कार्डावर 50,000 रुपये थकलेत आणि व्याज महिना 3.5 टक्के आहे. म्हणजे 1,750 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 315. ‘किमान रक्कम’ म्हणून 2,500 भरले, तर मुद्दल उतरतं फक्त 435 रुपयांनी! शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये घातलेली वार्षिक 30 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.

पगार झाला की दोघांनी आपापल्या कार्डांची स्टेटमेंटं एकत्र बसून उघडावीत. बँकेत 7 टक्क्यांची ठेव असेल, तर ती मोडून कार्ड फेडणं केव्हाही फायद्याचं. ठेव नसेल, तर कमी दराचं वैयक्तिक कर्ज घेऊन थकबाकी मिटवावी आणि हप्ते संपेपर्यंत कार्ड कपाटात ठेवावं.