किनारा गमावलेल्या संस्थानाचं बंदर

बिदरहून निघालेली मछलीपट्टणम एक्सप्रेस सिकंदराबादला थांबते आणि रात्रभर पूर्वेकडे धावून बंगालच्या उपसागराशी पोचते. गोवळकोंड्याचे हिरे, तेलंगणाचं पोलाद आणि रंगवलेलं कापड एकेकाळी याच दिशेने, बैलांच्या पाठीवरून समुद्राकडे जात असे. कृष्णेच्या मुखाजवळच्या मछलीपट्टणमला आसपासचे लोक अजूनही नुसतं ‘बंदर’ म्हणतात. हैदराबादची गोष्ट आपण चारमिनारपासून सांगतो. चारमिनार १५९१चा; पण कुतुबशाहीच्या वैभवात या बंदराचा जो वाटा होता, तो आपल्या सांगण्यातून गळून गेला आहे.

बंदर म्हणून जागा मुळीच सोयीची नव्हती. कृष्णेच्या गाळामुळे किनाऱ्यालगत पाणी उथळ, त्यामुळे मोठी जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकत आणि माल छोट्या होड्यांतून ने-आण होई. लाटांचे तडाखे सोसतील अशा, काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या त्या होड्या. त्यांत खिळा नसे, म्हणून आपटलं तरी अंग लवे. एवढी अडचण असूनही इराण, ब्रह्मदेशातलं पेगू आणि सुमात्रातल्या अचेपर्यंतची जहाजं इथे येत, कारण मागे हिऱ्यांच्या खाणी होत्या आणि विणकरांची गावं होती. इराणी व्यापारी तर गोवळकोंड्याच्या दरबारातही वजन राखून होते. पुढे औरंगजेबाला जाऊन मिळालेला मीर जुमला काही काळ याच बंदराचा हवालदार, म्हणजे प्रमुख अधिकारी होता.

डच इथे १६०५च्या सुमारास आले, इंग्रज १६११मध्ये. अब्दुल्ला कुतुबशहाने १६३२मध्ये इंग्रजांना फर्मान दिलं : वर्षाला ५०० होन भरा आणि राज्यात व्यापार करा. इतिहासात ते ‘सुवर्ण फर्मान’ म्हणून ओळखलं जातं. सात वर्षांनी इंग्रजांनी दक्षिणेला मद्रासची जागा मिळवली, तेव्हा त्या हालचालींत मछलीपट्टणमच्या वखारीचा प्रमुख अँड्र्यू कोगन होता. ज्या शहराने पुढे या बंदराचा व्यापार ओढून घेतला, त्याची पायाभरणी इथल्याच माणसांनी केली!

परदेशी जहाजं ज्या मालासाठी येत, तो अजूनही जवळच्या पेडणा गावात बनतो. कलमकारी हे नाव कलमेवरून आलं असलं, तरी इथली नक्षी लाकडी ठशांनी उमटते. आधी कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धांशामुळे रंग पसरत नाही. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून काळा रंग करतात. लाल रंगाआधी तुरटीचा ठसा द्यावा लागतो. पुढे मुळांच्या काढ्यात कापड उकळलं, की जिथे तुरटी तिथेच लाली धरते. आणि प्रत्येक टप्प्याला वाहतं पाणी लागतं. कृष्णेच्या कालव्यांनी ते पुरवलं.

अठराव्या शतकात, कुतुबशाही जाऊन निजामाची सत्ता आल्यावर, किनाऱ्यावरून फ्रेंच आणि इंग्रजांची झुंज पेटली. एप्रिल १७५९मध्ये कर्नल फोर्डने मछलीपट्टणमचा किल्ला फ्रेंचांकडून घेतला आणि निजाम सलाबतजंगाने आसपासचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला. १७६६च्या तहाने ‘उत्तर सरकार’ म्हणून ओळखला जाणारा किनारी प्रदेशही गेला. पुढे निजामाचं राज्य चारी बाजूंनी भूवेष्टित झालं, आणि मराठवाडाही त्याच भूवेष्टित राज्यात होता. १८०२च्या व्यापारी तहात बंदर वापरायची मुभा मिळाली, पण किल्ला आणि सत्ता कंपनीचीच राहिली. १ नोव्हेंबर १८६४च्या रात्री चक्रीवादळाने समुद्र शहरात शिरला आणि सुमारे तीस हजार माणसं गेली. त्या तडाख्यातून मछलीपट्टणम पुन्हा जुन्या तोऱ्यात उभं राहिलं नाही.

दरम्यान हुसेनसागराच्या उत्तरेला वसलेल्या कंपनीच्या फौजेच्या छावणीला १८०६मध्ये निजाम सिकंदरजाहच्या नावावरून सिकंदराबाद म्हणू लागले. जुने लोक तिला लष्कर म्हणत. तिथल्या उज्जैनी महांकाळी देवीचा बोनालू उत्सव आजही ‘लष्कर बोनालू’ आहे. १८७४मध्ये वाडीहून रेल्वे इथे आली, १८८९पर्यंत बेझवाड्याला (आजच्या विजयवाड्याला) पोचली, आणि शतक उलटताना मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे मीटरगेज आली. संस्थानाचा व्यापार रुळांवरून मुंबईकडे वळला; मराठवाड्याच्या कापसालाही तीच वाट मिळाली. सिकंदराबादचं स्टेशन हेच या राज्याचं खरं बंदर झालं. १९६६मध्ये दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालयही इथेच आलं.

समुद्राची ओढ मात्र सुटली नाही. १९४७च्या धामधुमीत निजामाच्या बाजूने पोर्तुगीजांकडून गोव्याचं बंदर मिळवायचे प्रयत्न झाले. १९४८मध्ये तर सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून चोरून शस्त्रं आणत होता. किनारा नसलेल्या राज्याने आकाशातून बंदर शोधलं. पण सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाचा सेनापती जनरल अल इद्रूसने सिकंदराबादेत भारतीय सैन्याच्या जनरल चौधरींपुढे शरणागती पत्करली.

तेलंगण आजही समुद्राविना आहे. सनतनगरच्या कंटेनर डेपोत माल भरतो आणि रेल्वेने बंदरांकडे जातो. मे २०२३मध्ये मछलीपट्टणमजवळ नव्या खोल पाण्याच्या बंदराच्या कामाचा प्रारंभ झाला. ते पूर्ण झालं, तर हैदराबादला सर्वांत जवळ पडणाऱ्या बंदरांत त्याची गणना होईल. माझ्या मते त्या धक्क्यावरून निघणाऱ्या पहिल्या जहाजात पेडण्याचं कापड असायला हवं. तेवढा हक्क त्या गावाने कमावला आहे.