बी. कॉम. मध्येच सुटले, तर हाती काय उरते?



आपल्या घनसावंगी भागात एक कथा घरोघर ऐकू येते. पोरगं बारावी झालं, कॉमर्सला नाव घातलं, दोन वर्षं नेटानं शिकलं. मग वडील अंथरुणाला खिळले, उसाला पाणी द्यायला माणूस उरला नाही आणि कॉलेज सुटलं. मुलीचं लग्न ठरलं की तिचंही तसंच. अशा मुलांच्या हाती गुणपत्रिकेखेरीज काही राहत नसे. जगाच्या लेखी ते बारावी पासच! हा नियम आता बदलला आहे. सभासदांना तो नीट कळावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली. तेथे १९०१ साली जोलिएट या गावी दोन वर्षांचे महाविद्यालय निघाले. अशा 'कम्युनिटी कॉलेजां'त नोकरी-धंदा सांभाळून व्यापार व हिशेबाचे दोन वर्षांचे शिक्षण घेता येते आणि पुढे विद्यापीठात जाऊन पदवी पुरी करता येते.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार अशीच सोय झाली. महाराष्ट्रातील विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून लागू झाली. जालना जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो.

यात 'श्रेयांक' हा शब्द समजून घ्यावा. काट्यावर उसाची गाडी मोजली की पावती मिळते, तसे प्रत्येक विषय पास झाला की श्रेयांक जमा होतात. पहिल्या वर्षाचे किमान ४० झाले की प्रमाणपत्र, दोन वर्षांचे ८० झाले की पदविका, तीन वर्षांचे १२० झाले की पदवी. मात्र मध्येच बाहेर पडणाऱ्याने ४ श्रेयांकांचा व्यवसाय-अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव जादा पुरा करावा लागतो. तो न करता घरी बसला, तर कागद मिळत नाही. परत यायचे तर ३ वर्षांच्या आत यावे आणि एकंदर ७ वर्षांत पदवी पुरी करावी. श्रेयांकांची नोंद सरकारी 'श्रेयांक बँके'त राहते. तिथले खाते प्रवेश घेतानाच उघडून घ्यावे.

कॉलेजात रोज जाणे जमतच नसेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून घरी राहून, मराठीतून बी. कॉम. करता येते.

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्या पोराला कॉमर्स कशाला? एक हिशेब पाहा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत किमान दर द्यावा लागतो; उशीर झाल्यास द.सा.द.शे. १५ व्याज. म्हणजे एक लाखाचे बिल ६० दिवस लांबले, तर सुमारे २,४६६ रुपये व्याज होते. हे आकडे घरात कुणाला मांडता येतात? वार्षिक सभेत ताळेबंद वाटला जातो, तो किती जण वाचतात? कारखान्याच्याच पत्रिकेत हे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेचा कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीला अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासाची जोड होती. हिशेब समजणारा सभासद हाच सहकाराचा खरा राखणदार.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. पदविका म्हणजे पदवी नव्हे. सरकारी बँकेतील कारकुनाच्या परीक्षेलाही पदवीच लागते. तेव्हा दोन वर्षांवर थांबायचे, ते नाइलाज असेल तरच. आणि ज्याला थांबावे लागले, त्याने खजील होऊ नये. पावती जपून ठेवावी, मुदत ध्यानात ठेवावी आणि घरची घडी बसली की पुन्हा कॉलेजची पायरी चढावी. मुलीच्या बाबतीत हे बोलणे लग्नाच्या बैठकीतच करून घ्यावे, ही पालकांना आमची आग्रहाची विनंती.