संधिशोथ, प्रतिक्रियाजन्य : नोंद व वर्गीकरण

शरीराच्या अन्य भागात, बहुधा आतड्यात किंवा मूत्र-जनन मार्गात, जंतुसंसर्ग होऊन गेल्यानंतर साधारणपणे १ ते ४ आठवड्यांनी सांध्यांना येणाऱ्या दाहयुक्त सुजेस प्रतिक्रियाजन्य संधिशोथ म्हणतात. सांध्यातील द्रवाचे संवर्धन केले असता त्यात जंतू वाढत नाहीत, हे या विकाराचे वैशिष्ट्य होय. विकार सांध्यात दिसतो. त्याचे कारण मात्र अन्यत्र आणि काही आठवडे आधी घडून गेलेले असते. त्यामुळे त्याचे निदान एखाद्या प्रयोगशालेय परीक्षेपेक्षा रुग्णाच्या पूर्ववृत्तावर अधिक अवलंबून असते. ते पूर्ववृत्त लिहून ठेवले नाही, तर निदानाचा आधारच नाहीसा होतो.

स्वरूप : शिगेला, साल्मोनेला, येर्सिनिया व कँपिलोबॅक्टर हे आतड्यातील आणि क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा मूत्र-जनन मार्गातील जंतू या विकारास प्रामुख्याने कारणीभूत असतात. रुग्ण बहुधा तरुण असतो. गुडघा, घोटा यांसारखे पायांचे मोजके सांधे सुजतात व दोन्ही बाजूंची सूज सारखी नसते. टाच दुखणे, डोळे लाल होणे, लघवीच्या वेळी जळजळ होणे ही लक्षणेही आढळतात. एचएलए-बी २७ हा आनुवंशिक घटक अनेक रुग्णांत असतो. परंतु तो निरोगी व्यक्तींतही सापडत असल्याने केवळ त्यावरून निदान करता येत नाही.

नाव व वर्गातील बदल : १९१६ मध्ये जर्मनीत हान्स रायटर यांनी आमांशानंतर सांधे, डोळे व मूत्रमार्ग यांचा शोथ झालेल्या एका सैनिकी अधिकाऱ्याचे वर्णन केले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फिसांजे व लरॉय यांनीही अशीच माहिती प्रसिद्ध केली. ‘प्रतिक्रियाजन्य संधिशोथ’ ही संज्ञा १९६९ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी रूढ केली. नाझी राजवटीत बंदिवानांवर झालेल्या प्रयोगांशी रायटर यांचा संबंध असल्याचे लक्षात आल्यावर त्यांचे नाव वैद्यकीय लेखनातून मागे पडले. आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या नवव्या आवृत्तीत रायटर रोगाचा संकेतांक ०९९.३ हा गुप्तरोगांच्या गटात होता. त्यामुळे केवळ आमांशानंतर सांधे सुजलेल्या रुग्णाची गणनाही गुप्तरोग्यांत होण्याचा संभव होता. दहाव्या आवृत्तीत हा रोग सांध्यांच्या विकारांत आला.

वर्गीकरण : रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा पाया झाक बेर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीने घातला. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे कार्य जागतिक आरोग्य संघटनेकडे आले व मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही त्यात समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली. अकरावी २०१९ मध्ये मान्य होऊन २०२२ पासून अंमलात आली.

दहाव्या आवृत्तीत संसर्गजन्य संधिविकारांचे दोन प्रकार मानले आहेत. जंतू प्रत्यक्ष सांध्यात शिरले असल्यास तो थेट संसर्ग होय (एम ०० व एम ०१). शरीरात संसर्ग सिद्ध झाला, पण सांध्यात जंतू किंवा त्यांचे प्रतिजन आढळले नाहीत, तर तो प्रतिक्रियाजन्य विकार होय (एम ०२). प्रतिजन सापडतात, परंतु जंतू सांध्यात वाढत असल्याचा पुरावा मिळत नाही, अशा स्थितीस संसर्गोत्तर विकार म्हणतात. एम ०२ चे उपविभाग असे : आमांशोत्तर एम ०२.१, लसीकरणोत्तर एम ०२.२, रायटर रोग एम ०२.३, इतर एम ०२.८ व अनिर्दिष्ट एम ०२.९. सांध्याच्या जागेसाठी आणखी एक अंक जोडता येतो. गुडघा ज्यात येतो त्या भागासाठी ६, घोटा व पाऊल यांसाठी ७, अनेक जागांसाठी ०. संधिवाताचा ज्वर (आय ००) या गटातून वगळलेला आहे. हा भेद उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण त्या ज्वरात हृदयाच्या झडपांना इजा होऊ नये म्हणून दीर्घकाळ पेनिसिलीन द्यावे लागते. पूयुक्त संधिशोथात (एम ००) तर विलंबाने सांधा कायमचा निकामी होऊ शकतो.

मराठवाड्यातील संदर्भ : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये स्थापन झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते व तेथे मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण येतात. अशा रुग्णाच्या हगवणीवर गावातील दवाखान्यात उपचार होतात आणि सांधे सुजल्यावर तो शहरात येतो. कारण एका कागदावर व परिणाम दुसऱ्या कागदावर राहिल्यास शहरातील नोंद केवळ ‘सांधेदुखी’ (एम २५.५) एवढीच होते.

चिकुनगुन्याच्या साथींत हा प्रश्न अधिक ठळक होतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ मध्ये या रोगाची साथ आली होती. २००६ च्या साथीत महाराष्ट्रात सुमारे अडीच लाख संशयित रुग्ण नोंदले गेले व मराठवाड्यालाही तिची झळ पोहोचली. चिकुनगुन्याचा संकेतांक ए ९२.० असून त्यातील संधिशोथ व्हायरसजन्य समजला जातो. ज्वराचा उल्लेख नसलेली सांधेदुखी साथीच्या गणनेतून निसटते; उलट प्रत्येक सांधेदुखीस चिकुनगुन्या म्हटल्यास खरा प्रतिक्रियाजन्य संधिशोथ झाकला जातो.

नोंदीतील आवश्यक बाबी : पूर्वीचा संसर्ग कोणता व केव्हा झाला, सांध्यांची लक्षणे केव्हा सुरू झाली, कोणते सांधे कोणत्या बाजूस सुजले, डोळे, त्वचा व मूत्रमार्ग यांची स्थिती, सांध्यातील द्रव व विष्ठा यांच्या परीक्षांचे निष्कर्ष आणि निदान निश्चित की संभाव्य, हे वैद्याने स्पष्ट लिहावयास हवे. संकेतांक देणारा कर्मचारी रोगनिदान करीत नाही. वैद्याच्या शब्दांचेच तो अंकांत रूपांतर करतो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित मागणीपत्रात रुग्णालयाला दहाव्या आवृत्तीचा संकेतांक लिहावा लागतो. त्यामुळे अपुऱ्या नोंदीची झळ रुग्णाच्या खर्चाच्या भरपाईलाही बसू शकते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे उपचारांच्या प्रारंभापासून ३ वर्षे जपावी लागतात व रुग्णाने मागणी केल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात. प्रतिक्रियाजन्य संधिशोथ काही रुग्णांत पुन्हा उद्भवतो, तर काहींत दीर्घकाळ टिकतो. म्हणून कागदपत्रांची प्रत रुग्णाजवळ असणे पुढील उपचारांच्या दृष्टीने उपयुक्त ठरते.