उजेड कोणाच्या वाट्याला?

तत्त्वज्ञानात आपण 'प्रकाश' हा शब्द ज्ञानाचं रूपक म्हणून वापरतो. शरीराला मात्र रूपक नको असतं, त्याला खराखुरा उजेड लागतो. आज त्याविषयी बोलू.

अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. पावसापासून भिंती वाचाव्यात म्हणून कौलारू छप्पर खूप खाली उतरलेलं. त्यामुळे ओटीवर उजेड आणि आत भरदुपारीही काळोख. यावर कोकणाचा साधा उपाय म्हणजे छपरात बसवलेलं एखादं काचेचं कौल.

हा उपाय फक्त दिसण्यापुरता नव्हता. डोळ्याच्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे 2002 साली स्पष्ट झालं. वस्तू दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. आता दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. झोप, भूक, उत्साह या घड्याळावर चालतात. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो, दिव्याच्या खोलीत जेमतेम शे-दोनशे. डोळा अंधाराला सरावतो, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. घड्याळाला जाणवतो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, कौलं उडाली, अनेक घरांवर पत्रे चढले. आमच्याही. त्या घाईत काचेचं कौल कोणाला आठवलं नाही. आमच्या काकू दिवसभर आतच असायच्या. दिवसा पेंगायच्या, रात्री जाग्या. आम्ही म्हणायचो, वय झालं! आम्ही बसायचो ओटीवर, उजेडात. शेवटी स्वयंपाकघरावर एक पारदर्शक फायबरचा पत्रा बसवला. झोपेचं श्रेय आम्ही त्यालाच देणार नाही, पण काकूंना आता तांदूळ निवडायला दिवा लागत नाही.

एक खुलासा करायला हवा. साध्या काचेतून ड जीवनसत्त्वासाठी लागणारे अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत. त्यासाठी अंगणातच जायला हवं.

घराचा आराखडा नुसता विटा-लाकडाचा नसतो. कोणाचा वेळ मोलाचा, हेही त्यात ठरलेलं असतं. तेव्हा उद्या सकाळी घरात एकदा फिरून बघा: सर्वांत जास्त वेळ घरात कोण असतं आणि त्यांची खुर्ची कुठे आहे? खिडकी हलवता येत नसेल, तर निदान खुर्ची हलवू या.