साधेपणाचा संकल्प आणि बाजरीचे पीठ

सुट्टी संपवून गावाहून शहराकडे परतताना गाडीत हा विषय हमखास निघतो. आता साधे राहायचे. पाकिटातले खाणे बंद. घरी भाकरी, हंगामातली भाजी, जवळच्या कामांना पायी. तोंडात भाकरीची चव असते आणि डोक्यात रक्ततपासणीतली वाढलेली साखर. येताना गावातल्या गिरणीतून दहा किलो बाजरी दळूनही घेतलेली असते. महिन्याभरात ते पीठ कडू लागते आणि संकल्पही त्याच्यासोबत निकालात निघतो.

पीठ कडू होण्याचे कारण सोपे आहे. बाजरीत गहू-ज्वारीपेक्षा स्निग्धांश जास्त असतो. दाणा अखंड असतो तोवर हे तेल सुरक्षित राहते. दळल्यावर तेल, दाण्यातली विकरे आणि हवा एकत्र येतात आणि पीठ लवकर खवट होते. म्हणून जुन्या घरांत साठा धान्याचा असे, दळण मात्र थोडे थोडे. संकल्पाचेही तसेच आहे. एकदम मोठा केला की टिकत नाही.

स्वप्न पुरत नाही

मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन आणि थॉमस वॅडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या २५ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यश मिळेल असा विश्वास असणाऱ्यांचे वजन अधिक घटले. पण सडपातळ झाल्याची गुलाबी चित्रे रंगवणाऱ्यांचे तुलनेने कमी घटले. ओटिंगेन यांच्या पुढील संशोधनाचा सांगावा असा, की हवे असलेले चित्र डोळ्यांपुढे आणावे आणि लगेच त्याच्या आड येणारी अडचणही पाहावी.

भाकरीच्या बाबतीत ही अडचण कोणती? सकाळी साडेसहाला डबा भरायची घाई. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते. त्यामुळे गरम पाण्यात पीठ मळून पिठातल्या स्टार्चला चिकटपणा आणावा लागतो, प्रत्येक भाकरी वेगळी थापावी लागते. एकाने संकल्प करायचा आणि दुसरीने ओट्याशी उभे राहायचे, अशी वाटणी असेल तर तो साधेपणा घरातल्या एकीच्या पाठीवर उभा असतो. दळण आणणे, भाजी निवडणे, पीठ मळणे ही कामे आधी वाटून घेतली तरच बेत पुढे सरकतो.

'जेव्हा' आणि 'तेव्हा'

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी याच कामासाठी एक साधी रीत मांडली. 'भाकरी खाऊ' असे मोघम ठरवण्याऐवजी वेळ आणि जागा जोडून वाक्य करायचे. 'शनिवारी भाजी आणायला निघालो, की दोन किलो बाजरी गिरणीत टाकेन.' 'मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री भाकरी. थापायची पाळी माझी.' प्रसंग आला की कृती आठवते, दरवेळी मनाशी झगडावे लागत नाही.

सवय मुरायला मात्र वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या एका नव्या सवयीचा मागोवा घेतला. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. एका शुक्रवारी बाहेरून जेवण मागवले, म्हणून बेत मोडीत काढायचे कारण नाही.

जवळचे म्हणजे नेमके काय?

'स्थानिक' या शब्दाबद्दलही थोडी सावधगिरी हवी. अमेरिकेतील घरांच्या आहारावर २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच निघाला. मोठा भाग अन्न पिकवतानाच होतो. म्हणजे अन्न किती लांबून आले याहून काय खाल्ले हे अधिक मोलाचे. जवळच्या भाजीचा फायदा ताजेपणात आहे. पालेभाजीतले क जीवनसत्त्व तोडणीनंतर घटत जाते. सकाळी तोडलेली अंबाडी, चाकवत किंवा माठ त्याच दिवशी शिजला तर ते अधिक हाती लागते. भाजी जपून, वाया न घालवता खाल्ली तर पैसेही वाचतात.

धान्याचेही असेच. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमहून कमी. नाचणीत कॅल्शियम भरपूर. मात्र धान्यातले फायटेट हे लोह अडवते. सोबत लिंबू पिळले तर ते अधिक शोषले जाते, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. आणि भाकरीतही पिष्ट असतेच. मधुमेहींनी 'भाकरी म्हणजे कितीही चालते' असे समजू नये. साखरेची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

सुरुवातीला बदल एकच निवडावा, आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत आणि आड येणारी अडचण कागदावर लिहून काढावी. दोन महिन्यांनी तो अंगवळणी पडला, की दुसरा घ्यावा. बाजरी दोन किलोच दळावी.